पालथ्या होडीची डावी बाजू

मु. तांडा, कामरगावजवळ
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप रतनसिंग काकांस,
रंजीताचा सा. न. वि. वि.

तुम्ही स्वतःहून कधी लिहीत नाही, म्हणून तुम्ही खुशाल आहात असंच धरून चालते. इकडे बाचा खोकला गेला. याडी बरी आहे. म्हैसही बरी आहे, पण अजून कडुनिंबाखालीच बांधलेली असते. गोठ्यात होडी आणि म्हैस उन्हात, हे याडी चार वर्षांत एक दिवसही विसरलेली नाही. गोठ्याच्या उंबऱ्याला तिनं पाय लावलेला नाही. बाचा चहासुद्धा ती बाहेरच्या दगडावर ठेवते आणि दगडालाच सांगते की चहा झाला.

मुख्य बातमी अशी की शेवटची फळी परवा बसली. खिळा ठोकून झाल्यावर बा होडीभोवती तीन चकरा मारून आले आणि मग जेवलेच नाहीत. होडी अजून पालथीच आहे, सोळा फुटांची पाठ वर करून. रामधनकाका शेजारून रोज येतात आणि विचारतात की दौलत, तांड्यावर पूर कवा येणार हाय? बा म्हणतात की तू पोहाले शीक, मंग येते. होडीला कोणी डोंगा म्हटलेलं त्यांना चालत नाही. यॉट म्हणा म्हणतात.

कोकणात चौदा वर्षं तुमच्याबरोबर लोकांच्या यॉट बांधल्या, पण पाण्यात गेलेल्या एकीतही आपण बसलो नाही, हे बा आता कोणालाही सांगतात. रस्त्यानं जाणाऱ्या जीपवाल्यालाही सांगितलं. कारंज्याच्या पुढे अडाणच्या धरणात फिरवायची परवानगी मिळाली आहे. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, होडी पाण्यात घालायची असं ठरलं आहे. पहिल्या फेरीत तांड्यावरचे सहाजण बसणार. पोहता येतं ते एकट्या बाला.

आता माझं काम. लाकूड बाचं, पण सांध्यांच्या फटींत लांबी भरणं आणि रंग देणं तुमचं असायचं. बा म्हणतात, त्यांचा हात जड आहे, म्हणून ते सगळं माझ्यावर टाकलं आहे. मी वाचनालयातून तीन आठवड्यांची सुट्टी घेतली. तुम्ही एसटीनं पाठवलेले लांबीचे दोन्ही डबे पोचले. त्यांवरचं इंग्रजी मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी जास्त घाबरले. मला वाचायला तुम्हीच शिकवलंत, तेही रंगाच्या डब्यांवर, शाळेत जायच्या आधी. पण त्या डब्यांवर नुसती रंगांची नावं असायची. चुकलं तर सहा माणसं बुडतील असं कुठे लिहिलेलं नसायचं.

तुमच्या बटणांच्या फोनवर फोटो येत नाही आणि तुम्हाला बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवा. अगदी मला माहीत असेल असं वाटलं तरी लिहा.

रागावायचं तर रागवा, पण उत्तर टाका.

तुमची,
रंजीता


रत्नागिरी, खाडीवरचं यार्ड
१७ फेब्रुवारी २०२५

चि. रंजीतास काकाचे पोटभर आशीर्वाद. जय सेवालाल.

पत्र पोचलं. तू घाबरलीस हे वाचून बरं वाटलं. न घाबरता रंग मारणाऱ्या पोरांची कामं मी इथे रोज खरवडतो.

लांबी म्हणजे फळ्यांच्या सांध्यांचं तोंड बंद करणं. दोन डब्यांतलं सारखं सारखं घ्यायचं, पत्र्यावर पत्तीनं, म्हणजे चपट्या पोलादी पट्टीनं, कालवायचं, पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत. एका वेळी मूठभरच. कोणी चहा पिऊन कप खाली ठेवेपर्यंत ते संपलं पाहिजे, नाहीतर दगड होतो. काम सकाळी करायचं. पत्ती तिरपी धरायची आणि लांबी सांध्यात दाबायची, वरून फासायची नाही. वाळली की पॉलिशपेपरनं घासायचं, मग प्रायमर, मग रंग.

आणि पाणी. पाण्याचा थेंब लागता कामा नये. लाकडाला नाही, लांबीला नाही, तुझ्या हाताला नाही. डोक्याला फडकं बांध म्हणजे घाम पडणार नाही. लांबीखाली किंवा लांबीत ओल राहिली तर वरून छान दिसतं, पण ती लाकडाला धरत नाही. ऊन लागलं की फुगते. फुगलेली लांबी पाण्यात गेली की निघून येते, सांधा उघडतो आणि होडी पाणी घेते. ती ताबडतोब घेत नाही. काठापासून लांब गेल्यावर घेते.

आता तू हे दहा वेळा वाचशील आणि झोपणार नाहीस. आठवतं का, सहा वर्षांची असताना तू निळ्या डब्यावर खडूनं हिरवा असं लिहिलं होतंस. कोणाला कळलंही नव्हतं. दुपारी स्वतःच रडत आलीस आणि मालकाच्या पाया पडलीस. त्याला तू कोण हेही माहीत नव्हतं. अजून तशीच आहेस असं दिसतं.

तुझ्या याडीला, वहिनींना, माझा नमस्कार सांग. म्हशीलाही सांग.

आठवण काढत असतो, ती दोन्हीकडून राहू दे.

तुझा,
रतनसिंग काका


तांडा
५ मार्च २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
रंजीताचा सा. न. वि. वि.

लांबी भरून झाली. सांगायचं ते हे नाहीच, पण आधी सांगून टाकते म्हणजे तुमची काळजी जाईल.

काका, याडी गोठ्यात आली.

झालं असं की पहिले दोन दिवस मी उजवी बाजू भरली. पत्ती नीट धरूनही माझ्या हाताच्या रेघा उठत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी याडी म्हशीचं दावं शोधत दारापर्यंत आली आणि थांबली. होडी पालथी असल्यामुळे ती लांबून भिंतीसारखीच दिसते. याडीनं उजव्या बाजूकडे पाहिलं आणि म्हणाली की अशी भित्त लिपली असती तं माह्या सासूनं मले दावणीले बांधलं असतं. मग विचारलं की एवढ्या मोठ्या कालेजात गेली, तुले हात फिरवणं नाही शिकवलं का? मी काही बोलायच्या आत ती उंबरा ओलांडून आत आली, पदर खोचला आणि डाव्या बाजूला बसली. मी कालवून देत गेले आणि ती तळव्यानं गुळगुळीत करत गेली. दुपारपर्यंत अख्खी डावी बाजू एकटीनं केली. मध्येच गुणगुणायलाही लागली. तिचं गाणं मी होळीशिवाय कधी ऐकलेलं नाही, आणि होळीला अजून दहा-बारा दिवस होते.

बा रंधा हातात घेऊन दारात उभे राहिले होते. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही. याडी उठल्यावर बोटानं होडी वाजवून म्हणाली की लाकूड तं चांगलं लावलं तुमी. बस्स, एवढंच. पण त्या दिवसापासून चहा दगडावर न ठेवता ती आत आणून देते. कालपासून तर स्वतःचाही कप घेऊन येते. दोघं होडीला टेकून बसतात आणि म्हशीला पावसाळ्याआधी कुठे छप्पर घालायचं यावर भांडतात. इतकं चांगलं भांडण आमच्या घरात फार दिवसांत झालं नव्हतं.

डावी बाजू उजवीपेक्षा सुंदर दिसते. तुम्हीसुद्धा म्हटलं असतं.

प्रायमर उद्यापासून. एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती पुढच्या पत्रात लिहीन.

आहे तेवढी माया असू द्या, आणखी मागायची माझी हिंमत नाही.

तुमची,
रंजीता


यार्ड
१२ मार्च २०२५

चि. रंजीतास आशीर्वाद. जय सेवालाल.

वहिनी गोठ्यात आल्या हे मी इथल्या मिस्त्रीलाही वाचून दाखवलं. त्याला वहिनी कोण आणि गोठा कुठला काहीच माहीत नाही, तरी तो खूश झाला. भाऊ दारात उभा राहिला म्हणतेस, तेही पटलं. लग्नातसुद्धा तो असाच उभा होता.

रंग दुपारच्या उन्हात मारू नका. एवढंच सांगायचं होतं.

आणि राहिलेली गोष्ट कोणती ते लिही. तुझी राहिलेली गोष्ट कधी विसरून राहिलेली नसते, हे मला निळ्या डब्यापासून ठाऊक आहे.

खुशाली कळवत जा, नाहीतर मला इथे पॉलिशपेपरशी बोलत बसावं लागतं.

तुझा,
काका


तांडा
२८ मार्च २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
रंजीताचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोन वेळा फाडलं. आता तिसऱ्यांदा लिहिते आहे, आणि सरळ लिहिते.

याडीनं हात ओला करून लांबी फिरवली. ती बसली तेव्हा शेजारी पाण्याचा लोटा ठेवला होता. दर दोन हातांनी ती तळवा बुडवत होती, जशी भिंत लिपताना बुडवते. तिच्या हाताला दुसरं माहीतच नाही. तुमचं पत्र मी बाला वाचून दाखवलं तेव्हा याडी वावरात होती. तिला पाण्याचं कोणी सांगितलेलं नव्हतं. मला मात्र तुमची ओळन् ओळ पाठ होती. पहिल्यांदा तिचा हात लोट्यात गेला तेव्हाच मी थांबवायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. चार वर्षांनी ती आत आली होती, काका. मला वाटलं, आता काही म्हटलं तर ती उठेल, आणि पुन्हा कधी येणार नाही. एवढ्याशा पाण्यानं काय होतं, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर वाळल्यावर हात लावून पाहिलं तर दगडासारखं घट्ट लागलं. मग प्रायमर दिला. निळा रंगही दोन हात दिला.

परवापासून उन्हाचा कडाका वाढला आहे. गोठ्याचे पत्रे इतके तापतात की आत उभं राहवत नाही. काल सकाळी डाव्या बाजूला खालच्या दोन सांध्यांवर फोड दिसले. मुगाच्या दाण्याएवढे. आज मोजले तर एकतीस. उजव्या बाजूला एकही नाही. एक फोड मी नखानं दाबला. तो फुटला आणि आतून ओलं बोट निघालं. मी ते बोट ओढणीला पुसलं, जणू कोणी पाहत होतं.

बाला अजून दिसलेलं नाही. ते डोलकाठीच्या मागे लागले आहेत. याडी मात्र रोज येऊन डाव्या बाजूसमोरच बसते. काल रामधनकाकांना सांगत होती की ही बाजू मी केली, हात लावून पाह्य. त्यांनी हात लावला आणि म्हणाले की वहिनी, ही तं गालासारखी झाली. मी तिथेच उभी होते.

आखाजीला महिनाच राहिला आहे. सहाजणांत याडीचं नाव नाही, ती बसणार नाही म्हणते. पण रामधनकाका आहेत, त्यांच्या दोन सुना आहेत. जॅकेट मागवली आहेत. तरी मला डोळे मिटले की धरणाच्या मधोमधचं पाणी दिसतं.

सांगितलं तर याडी जाते आणि नाही सांगितलं तर होडी. काय करू ते तुम्हीच सांगा. लवकर सांगा.

मला रागावून मग उत्तर लिहा, म्हणजे उत्तर शांत येईल.

तुमची,
रंजीता


यार्ड
४ एप्रिल २०२५

चि. रंजीतास आशीर्वाद.

आधी कामाचं. डावी बाजू पूर्ण खरवडायची. फोड आहेत तेवढीच नव्हे, जिथे जिथे तो हात फिरला तिथे सगळी, लाकूड दिसेपर्यंत. मग आठ दिवस लाकूड वाळू दे आणि नव्यानं भर. एक नवा डबा आजच एसटीत टाकतो. यात दुसरा रस्ता नाही. आखाजी चुकली तर चुकली.

आता दुसरं. वहिनींचं नाव काढू नको. उन्हानं फुगलं म्हणून सांग. विदर्भाच्या उन्हावर काहीही ढकलता येतं, कोणी खोटं म्हणणार नाही. भाऊलाही तेच सांग. तू पाप करत नाहीस. होडी वाचते, वहिनींचं मन वाचतं, आणि ऊन तसंही कोणाकडे तक्रार घेऊन जात नाही. मी इथे सव्वीस वर्षं काढली, माझ्याकडे उन्हाच्या अशा किती खोट्या तक्रारी जमा आहेत ते तुला कळलं तर तू मला पत्र लिहिणं सोडशील.

तू थांबवलं नाहीस याबद्दल मी रागावलो नाही. मी असतो तर मीही तोंड मिटून उभा राहिलो असतो.

मन मोठं ठेव आणि पत्ती धारदार ठेव.

तुझा,
काका


तांडा
१६ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
रंजीताचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. आणि ते फसलं.

अकरा तारखेला मी बाला आणि याडीला फोड दाखवले आणि उन्हानं फुगलं म्हणून सांगितलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बा वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि असंच असेल म्हणाले. याडीनं तर काही शंकाच घेतली नाही. उन्हाला शिव्या दिल्या. लग्नात आलेली, आरशांची, घडीसुद्धा न मोडलेली गोधडी तिनं पेटीतून काढली आणि गोठ्याच्या उन्हाच्या बाजूला टांगली, सावली व्हावी म्हणून. मी खरवडत होते आणि आरशांचे कवडसे माझ्या हातावर नाचत होते. काका, मला ते सहन होत नव्हतं. खोटं माझं होतं आणि त्याला सावली ती करत होती.

एका दिवसात हातभरही खरवडून झालं नाही. पत्ती छोटी आणि लांबी काही ठिकाणी घट्ट धरून बसलेली. तेरा तारखेला याडी सकाळीच आली. म्हणाली की पोरी, तुह्याच्यानं होत नाही, आता भरणं मी करतो, या वेळी दुप्पट गुळगुळीत करतो, मंग ऊनाले कुठून घुसाचं ते घुसू दे. तिनं पदर खोचला होता. आणि हातात लोटा होता, घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला.

तेव्हा मला कळलं की उन्हावर ढकललं तर हात तसाच राहतो. ती पुन्हा ओल्या तळव्यानं फिरवणार, मी पुन्हा गप्प बसणार, पुन्हा फोड. मी तिच्या हातातला लोटा धरला आणि सगळं सांगितलं. पाणी चालत नाही हे सांगितलं, मला आधीपासून माहीत होतं हे सांगितलं, आणि ऊन खोटं होतं हेही. बा तिथेच होते. ते हातातल्या रंध्याचं पातं पाहत राहिले. रामधनकाका दारातून आत येता येता तसेच मागे फिरले.

याडी रडली नाही, ओरडली नाही. तिनं विचारलं की तवाच ठावं होतं? मी हो म्हटलं. तिनं लोटा माझ्या हातातून सोडवून घेतला, बाहेर जाऊन म्हशीपुढच्या घमेल्यात ओतला आणि तिथेच बसली. गोधडी अजून टांगलेली आहे, पण त्या दिवसापासून ती गोठ्यात आलेली नाही. चहा पुन्हा दगडावर येतो. काल बा तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला लागले तर ती उठून वावरात गेली. आज सकाळीही ती लवकर बाहेर पडली, काही न सांगता.

मी खरं बोलले याचं मला जराही बरं वाटत नाही. लहानपणी वाटायचं. आता वाटतं की मी हे तिच्यासाठी केलं की माझ्या पोटातलं ओझं उतरवायला, ते मलाच कळत नाही.

तुमच्यावर राग नाही. माझ्यावरचा तुमचा लोभ आटला नसेल तर दोन ओळी पाठवा.

तुमची,
रंजीता


यार्ड
२२ एप्रिल २०२५

वहिनींना रतनसिंगचा दंडवत. रंजीता, हे त्यांना वाचून दाखव, गाळू नको.

वहिनी, उन्हाचं खोटं माझं होतं. पोरीनं विचारलं आणि मी शिकवलं. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटू नये. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काय करावं, हे इतक्या लांबून ठरवणं सोपं जातं. तुमच्या हातात दोष नव्हता. पाण्याचं तुम्हाला सांगणं हे आमचं काम होतं. माफी मागतो.

रंजीता, तू केलंस ते बरोबर की चूक मला सांगता येत नाही. माझ्याच्यानं झालं नसतं, एवढं नक्की.

दोघींच्या उत्तराची वाट पाहतो, एकीचं आलं तरी चालेल.

रतनसिंग


तांडा
१३ मे २०२५

रतनसिंग भाऊजींले हिरीबाईचा रामराम.

हे पत्र रंजी लिहून राह्यली, पण सांगून मी राह्यली. मी म्हणीन तसंच लिहिजो असं तिले बजावलं हाय, अन् झाल्यावर तीनदा वाचून घेईन. तुमचं पत्र भेटलं. माफीचं राहू द्या. तुमच्यावर माहा जो राग हाय तो तुमी समोर बसल्यावरच काढीन, कागदावर त्याचा काही उपेग नाही.

आता मले राग कायचा आला ते आइका, कारण या घरात ते कोणाले कळलंच नाही. हात ओला लागला त्याचा नाही आला. लिपणाऱ्या बाईचा हात ओलाच राहते. तुमी तिघं समजदार माणसं, तिघाईले ठावं, अन् तिघाईनं मले सांगितलं नाही. तुमचे भाऊ तं दारातच उभे होते. त्याईनंबी लोटा पायला होता, हे मंग कबूल केलं. भाजीत मीठ जास्त पडलं तं हाच माणूस साऱ्या तांड्याले आइकू जाईन असा बोंबलते. अन् एवढ्या मोठ्या कामाले मी पानी लावून राह्यली तं तोंडातून शब्द नाही. काहून? तं मले वाईट वाटन म्हून. घरच्या बाईले असं कोणी करते का भाऊजी? असं पाहुणीले करतात. पाहुणीनं काही सांडलं तं राहू द्या राहू द्या म्हणतात. चार वर्सानं मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला, अन् तुमी मले पाहुणी करून बसवलं.

तीन दिवस मी म्हशीपाशी बसली. ते जनावर बरं, लाथ मारते तं तोंडावर मारते. चौथ्या दिवशी सोयाबीनच्या वावरातून तण काढाचं खुरपं आणलं, दगडावर धार केली अन् गोठ्यात गेली. रंजी त्या एवढ्याशा पत्तीनं उंदरावानी कुरतडून राह्यली होती. म्या तिले बाजूले केलं अन् खुरपं चालवलं. माह्या हातानं लावलं ते माह्याच हातानं काढलं. थोडं झालं तं तुमचे भाऊ वरडले, खुरपं आडवं धर, लाकूड खरवडशीन, डोये कुठं हाय तुहे! असे वरडले का रामधन भाऊजी कुडापलीकडून धावत आले. भाऊजी, मले लय बरं वाटलं. म्याही त्याईले काय म्हणाचं ते म्हणून घेतलं. ते रंजी लिहीत नाही म्हणते, तं राहू द्या.

आखाजी गेली. साऱ्याईले मीच सांगून आली का होडी आजून व्हायची हाय, अन् काहून व्हायची हाय तेबी सांगितलं, म्या पानी लावलं म्हणून. लपवाचं काय त्याच्यात? बाया हासल्या. मीबी हासली. तुमचा नवा डबा आला. या वेळी हात कोरडा, डोक्याले फडकं, पत्ती माह्या हातात. अन् चुकलं का रंजी बोले. पयले बारीक आवाजात बोले, मंग चांगली बोलाले लागली. एकदा तं म्हणे, याडी, हे काय फासून राह्यली, काढ ते. म्या काढलं.

काल वैशाखी पुनवेले होडी पाण्यात घातली. वीस माणसाईनं सुलटी केली, ट्रॅक्टरवर चढवली, धरणावर नेली. मी बसणार नव्हती, पण बसली. अन् डाव्या बाजूलेच बसली. रंजी म्हणे, याडी, तू उजवीकडं बस. म्या म्हटलं, डावी बाजू माही हाय, तिच्यावर दुसऱ्याले काहून बसवू? शीड भरलं तं रामधन भाऊजीनं जाकिटाले असं कवटाळलं का त्याईच्या सुना त्याईले सांभाळत बसल्या. तुमचे भाऊ शिडापाशी बसले. दोरी हातात, तोंड वाऱ्याकडं, अन् गालावरून पानी. म्या पायलं, पण काही म्हटलं नाही. आता म्हणीन, काहून का घरच्या माणसाले सांगाले पायजे.

आत पानी आलं नाही. एक थेंब आला नाही. तुमाले पयले हेच पायजे असन, पण म्या मुद्दाम मांगं ठेवलं, थोडी काळजी तुमीबी करा.

अन् तुमच्या पुतणीचं सांगते. आमी धरणाच्या मधोमध गेलो, तिकडचा काठ जवळ आला, बगळे उडाले, आमी फिरून परत आलो. तीन फेऱ्या झाल्या. ही पोरगी सारा वेळ खाली वाकून पायाखालच्या फळ्या पाहत बसली. एक हात फळीवर, बोटं सांध्यात. तिनं ना शीड पायलं ना बाप पायला. तिसऱ्या फेरीले म्या तिची हनुवटी धरली अन् तोंड वर केलं. म्हटलं, पोरी, आता वर पाह्य. मंग तिनं पायलं. हे ती लिहाले तयार नव्हती. म्या म्हटलं, लिही.

एवढ्या रागातबी तुमचा लोभ पायजेच, तो घेऊन या. पावसाळ्याआधी या, तुमाले डावीकडं बसवतो.

तुमची वहिनी,
हिरीबाई